भाऊंची क्वीन

अहो, ऐकलंत का? थांबा, आधी जरा इकडे सरका, मेंदीच्या कुंपणाशी. तिकडून बोललं की वाऱ्यावर जातं सगळं, आणि ती कोपऱ्यावरची बाई ओट्यावर बसलेलीच असते. तर आपल्या समोरचे भाऊ आणि वहिनी. लग्नाचा तिसावा वाढदिवस होता ना मेमध्ये? हॉल नाही, केक नाही, सत्यनारायण नाही. दोघं पाठीवर सॅक लावून राजमाचीला गेली. चालत! रात्री वर उधेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. वहिनींच्या गुडघ्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. आणि अंगात काय, विचारा. ट्रॅकपँट. मी या डोळ्यांनी पाहिली, निळी, बाजूला पांढरी पट्टी.

मला कळलं ते वाण्याकडे. मी साबुदाणा घ्यायला गेले होते. बघते तर भाऊ ती एवढी मोठी सॅक तांदळाच्या काट्यावर ठेवतायत. "जरा वजन सांगा हो." साडेनऊ किलो भरली. वाणी म्हणाला, "गावाला का भाऊ?" तर भाऊंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "नाही हो, जरा वर." वर म्हणजे कुठे? माळ्यावर? तेवढ्यात त्यांनी सॅकमधून एक पातेलं काढून बाहेर ठेवलं, पुन्हा वजन केलं आणि चेहरा उजळला. मी पोत्यांच्या मागे उभी होते, त्यांना दिसलेच नाही. वाण्याने संध्याकाळपर्यंत निम्म्या दहिवलीला सांगितलं. मी कुणाला काही बोलले नाही हं. फक्त आमच्या ह्यांना, आणि मागच्या मास्तरीणबाईंना.

तर काय सांगत होते... हां, तिसावा. आता तिसाव्याचं एवढं काय, म्हणाल. अहो, यांचा पंचविसावा झालाच कुठे? लग्न १९९५ चं. मला आठवतंय ना, 'हम आपके हैं कौन' आदल्याच वर्षी आलेला, वरातीत तीच गाणी, आणि व्हिडिओवाल्याने जेवणाच्या पंगतीत माझ्या तोंडात जिलबी असतानाच दिवा मारला होता. पंचवीस वर्षं कधी भरली? २०२० च्या मेमध्ये. म्हणजे लॉकडाऊन. पोलीस नाक्यावर उभे, बाहेर पडायची सोय नाही. वहिनींनी घरात वाटीभर शिरा केला, मुलाने मोबाईलवर सगळ्या नातेवाइकांना एकत्र दाखवलं, त्यात डोंबिवलीच्या वन्संचं नुसतं कपाळच दिसत होतं. आणि त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत तर ३ जूनला ते निसर्ग वादळ, यांच्या पडवीचे पत्रे उडाले ते आपल्या आंब्याखाली सापडले. तो झाला पंचविसावा.

म्हणून यंदा घरच्यांनी ठरवलेलं, राहिलेलं सगळं व्याजासकट करायचं. मुलाने हॉल बघितला, केटररला पाच हजार ॲडव्हान्स दिला. सूनबाईंचं म्हणणं, हॉल कशाला, इमॅजिकाला जाऊ, खालापुरात म्हणजे आपल्याच दारात. नाहीतर नदीकाठचं फार्महाऊस घेऊ, पूलसकट. अगं बाई, मी म्हटलं, मुंबईचे लोक येतात की आपल्याकडे फार्महाऊसवर, शनिवारी येऊन गाणी लावतात आणि रविवारी बाटल्या टाकून जातात. आपण कर्जतकरांनी कर्जतातच फार्महाऊस भाड्याने घ्यायचं? पण आजकालच्या मुलांना कोण सांगणार. आणि डोंबिवलीच्या वन्सं... त्यांनी तर पैठणी घेऊन ठेवली होती. वहिनींसाठी नाही हो, स्वतःसाठी. मोरपंखी. व्हॉट्सॲपवर पदराचा फोटो सगळ्यांना.

आणि मग एका रविवारी सगळे जमलेले, आमरस झालेला, वन्सं मेनू लिहायला वही घेऊन बसलेल्या. "पनीर का मसालेभात?" तर भाऊ म्हणाले, "ताई, आम्ही नाही आहोत त्या दिवशी." "म्हणजे?" "आम्ही राजमाचीला जातोय. दोघंच."

मला हे सगळं वहिनींनीच सांगितलं, पण चेहरे कसे पडले ते सूनबाईंकडून कळलं, कारण वहिनी मान खाली घालून वाट्या गोळा करत होत्या. वन्संची पेन्सिल तशीच वर. मुलगा म्हणे नुसता "पप्पा... पप्पा..." करत राहिला. जावईबापू होते, त्यांना काही कळलंच नाही, ते म्हणाले, "राजमाची म्हणजे खंडाळ्याचं हॉटेल का?" आणि सूनबाईंना हसू आवरेना, त्या आत पळाल्या.

वन्सं म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?" आता लोक म्हणजे कोण? मीच ना! मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, लोकांची काही हरकत नाही, फक्त आधी कळवा.

आता खरी गंमत पुढेच. भाऊंना आईची परवानगी काढायची होती. आजी म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या, पण कान शाबूत आणि डोळे त्याहून शाबूत. भाऊंनी काय केलं, सांगितलं की राजमाचीच्या काळभैरवाचा नवस आहे. दोन किल्ल्यांच्या मधल्या खिंडीत देऊळ आहे ना भैरवनाथाचं, तिथे. वहिनींना खोटं बोलता येत नाही, त्या लगेच स्वयंपाकघरात. आजींनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "कधी बोललास नवस?" भाऊ म्हणाले, "नोकरीत होतो तेव्हा." "कशासाठी?" "गाडी नीट वर चढावी म्हणून." "बरं. मग नवस फेडायला दोन चटया, एक चूल आणि नवे बूट कशाला लागतात रे? नारळ कुठे दिसत नाही तो पिशवीत?"

बोला आता! साठी ओलांडलेला माणूस, तीसेक वर्षं इंजिन चालवलेला, शाळेतल्या पोरासारखा अंगठ्याने फरशी उकरत उभा. आजी मग हसल्याच म्हणतात. म्हणाल्या, "जायचं तर जा, देवाला मध्ये घालू नकोस." आणि वर ऐकवलं, की मी खोपोलीची लेक आहे, टाटांच्या पॉवर हाऊसच्या चाळीत वाढलेली, एकवीरेच्या चैत्री यात्रेला बोरघाट पायी चढलेय, तेही अनवाणी, तुमचे हे बूट मला काय दाखवता. आजी बोलायला लागल्या की वन्संची काय बिशाद!

मग सुरू झाली तयारी. ती तर सगळ्या कर्जतने पाहिली. रोज पहाटे दोघं उल्हासच्या पुलावरून चालत स्टेशनला. सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून. आणि तिथे काय करायचे, तर पादचारी पूल. वर चढायचं, उतरायचं, परत चढायचं. मुंबईला जाणारी सकाळच्या लोकलची गर्दी, डबे सांभाळत पळणारी माणसं, आणि त्यांच्यामधून वहिनी सॅक लावून उलट्या दिशेने. एक पोर्टर म्हणाला म्हणे, "ताई, सामान द्या ना, कुठल्या डब्यात चढायचंय?" वहिनी म्हणाल्या, "कुठेच नाही." वडापावच्या गाडीवर तो विषय पुरला दोन आठवडे. माझ्या भाच्याने तर व्हिडिओ काढला होता, मीच त्याला डिलीट करायला लावला. आधी बघितला, मग डिलीट.

आता तुम्ही म्हणाल, राजमाचीच का. तेही सांगते, पण ते शेवटी. आधी वाटेवरून केवढं रामायण झालं ते ऐका. भाऊंचा पहिला बेत कोंदिवड्याहून, आपल्याच बाजूने. रिक्षाने कोंदिवडं, तिथून कोंढाण्याची लेणी, आणि लेण्यांवरून तो उभा चढ थेट उधेवाडीत. हे ऐकल्यावर आपले इतिहासाचे गुरुजी धावत आले. त्यांना कोंढाणं म्हटलं की राहवतच नाही. चैत्यगृह बघा, लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलीय बघा, दोन हजार वर्षांचं आहे, आणि त्या फुटक्या मूर्तीशेजारी ब्राह्मी अक्षरांत नाव आहे, बलक म्हणून कुणी, कान्हाचा शिष्य, त्याने हे केलं असं कोरलंय. वहिनी म्हणाल्या, "मग परवाच कुणीतरी पोलिसांनी धरला तो पण नावच कोरत होता की भिंतीवर." गुरुजींचा चेहरा काय झाला असेल! पण मला विचाराल तर वहिनींचं काय चुकलं? त्या बलकाने लेणं तरी केलं होतं. हे आताचे नुसते बदाम काढतात.

तर तो बेत फिसकटला पावसाने. यंदाचा मे आठवतोय ना? उन्हाळा कुठे गेला कळलंच नाही. विसाव्या तारखेपासून रोज वळीव, रोज विजा, कैऱ्या वाळत घातलेल्या सगळ्यांच्या भिजल्या. आणि २६ मेला तर मान्सूनच आला मुंबईत. टीव्हीवर सांगत होते, १९५० पासूनच्या नोंदीत एवढ्या लवकर कधी आला नव्हता, आधीचा लवकरातला लवकर म्हणजे १९५६ चा, २९ मे. यांचं जायचं ठरलेलं त्याच्या आधीच्या बुधवारी. रिटायर माणसाला शनिवार-रविवार कशाला हवा? शनिवारी तिथे तंबूंची जत्रा असते, काजवे बघायला आलेल्यांची.

वन्संचा फोन. "बघा, देवालाही मान्य नाही. हॉल अजून रिकामा आहे." मुलगा पण तेच. आणि या वेळी आजी पण गप्प झाल्या. रात्री वीज कडाडली तेव्हा म्हणाल्या, "मला हसा हवं तर. पण इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यापासून पाऊस लागला की डोंगराखाली झोपलेलं माणूस डोळ्यांसमोर येतं." मग कोण काय बोलणार? २०२३ च्या जुलैतली १९ तारीख, ती रात्र आपल्या खालापूर-कर्जतकडचं कोण विसरलंय. माझ्या माहेरची माणसं चौक गावात मदतीला गेली होती, तीन दिवस घरी आली नाहीत आणि आल्यावर चार दिवस धड जेवली नाहीत. चिखलात वर चालत जायचं, मशीन चढवायला रस्ताच नव्हता... जाऊ दे. तो विषय नको.

तर वहिनींनी आजींना शब्द दिला. उभ्या चढाने जाणार नाही, उतरणार नाही. लोणावळ्याला रेल्वेने जाऊ, तिथून तुंगार्ली, वळवंड, फणसराई करत तो सरळ वाटेचा रस्ता, पंधराएक किलोमीटर, गाडीवाट आहे, घरं आहेत मध्ये. झोपायचं गावातल्या घरात, तंबूत नाही. आणि सकाळी आभाळ भरलेलं असेल तर असतील तिथून जीप करून परत. भाऊंचं तोंड एवढंसं झालं, कारण कोंढाण्याची वाट म्हणजे त्यांचा जीव. पण ऐकलं हो त्यांनी. आमच्या माहेरी उंबरखिंडीची गोष्ट सांगतात ना, २ फेब्रुवारी १६६१ ला महाराजांनी कारतलबखानाला त्या खिंडीत गाठला, मागे-पुढे वाट नाही, प्यायला पाणी नाही, तेव्हा फौजेत ती रायबागन होती तिने सांगितलं, शरण जा. ऐकलं म्हणून खान जिवंत परतला. डोंगरात बाईचं ऐकावं हे आमच्याकडे चावणीच्या पोरासोरांना ठाऊक आहे. आमचे हे मात्र अजून शिकले नाहीत. परवा माथेरानला... पण ते असो.

तर बुधवारी सकाळी इंद्रायणीने निघाली दोघं. मी खिडकीतच होते, म्हणजे पडदे धुवायला काढत होते. भाऊ पुढे, वहिनी मागे. फाटकाशी वहिनींनी एकदा मागे वळून आमच्या खिडकीकडे बघून हात केला. मला वाटलं होतं पडद्याआडून दिसत नाही.

वाटेतलं फारसं काही सांगण्यासारखं नाही. चालल्या, घाम गाळला, करवंदं खाल्ली, वळवंडच्या पुढे एका बाईने ताक दिलं आणि पैसे घेतले नाहीत. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "गुडघा कर्जतला विसरले." एकदा म्हणे तिघं-चौघं मुलं गाडी चिखलात रुतवून बसली होती, तर भाऊ न बोलता मागे जाऊन उभे राहिले आणि "हं, एकदम" म्हणून ढकललं. निघाली लगेच. सवयच ना!

दुपारी उधेवाडी. घरातल्या बाईने नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. "काकू, मुलं नाही आली?" असं तिने विचारलं, आणि आज लग्नाचा वाढदिवस आहे हे कळल्यावर ती लाजली. वहिनी नाही, ती! मग तिने सासूला हाक मारली, सासूने शेजारणीला, आणि जेवण होईपर्यंत ओट्यावर निम्मी वाडी. म्हणजे बघा, इथून पळून गेल्या त्या तिथे सापडल्याच. दोन किल्ल्यांतला मनरंजन चढून झाला दुपारीच, तो लहान. श्रीवर्धन उंच, तो दुसऱ्या दिवसावर ठेवला. तळ्याकाठी शंकराचं जुनं देऊळ आहे तिथे जाऊन बसली. आणि हो, भैरवनाथाला नारळ दिला. आजींनी नाहीतरी तो निघताना सॅकमध्ये घातलाच होता. वजन वाढलं म्हणून भाऊ कुरकुरले, पण काढायची हिंमत नाही.

आता ऐका. इथे जरा जवळ या.

चारला पाऊस आला, सहा-साडेसहापर्यंत धो धो. मग एकदम थांबला आणि दरी धुऊन निघाली. भाऊंनी वहिनींना उठवलं. "चल लवकर, वेळ होत आली." कसली वेळ? काजवे तर अंधार पडल्यावर. त्यांनी गावाच्या कडेला एका खडकापाशी नेलं, जिथून उल्हासची दरी पूर्ण दिसते आणि समोरच्या भिंतीत आपला घाट. रेल्वेचा हो. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकीहिल, सगळी नावं भाऊंनी बोटाने दाखवली. वहिनींचा सगळा जन्म ही नावं ऐकण्यात गेला. "आज जांबरुंगला अडकलो," "मंकीहिलला धुकं होतं." पण दुरून, एका नजरेत, अशी कधी बघितलीच नव्हती.

सव्वासातच्या सुमारास भाऊंनी हात धरला. "ती बघ. आली."

"कोण?"

"क्वीन."

दख्खनची राणी! मुंबईहून पाच-दहाला सुटते, आपल्या कर्जतला येते, मागे बँकर लागतात आणि चढते. त्या १८६३ च्या घाटात, ३७ फुटाला एक फूट चढ, एकट्या इंजिनाचं काम नाही. मागून ढकलायला दोन-तीन इंजिनं लागतात आणि त्यातल्या एकात वर्षानुवर्षं कोण? आपले भाऊ. बोगद्यात शिरली, दिवे गेले, पलीकडून निघाली, पुन्हा गेले. भाऊ शेवटच्या इंजिनाकडे बोट दाखवून म्हणे, "तिथे असायचो मी. आणि मंकीहिलपाशी आलो की या दोन किल्ल्यांकडे बघायचो. रोज. म्हणायचो, एकदा तिला तिथे घेऊन जाईन, आणि तिथून दाखवीन मी कुठे असतो."

मला सांगताना वहिनींचा आवाज जरा... पण लगेच सावरल्या. आणि तिथे काय म्हणाल्या सांगू भाऊंना? म्हणाल्या, "म्हणजे मी घरी संध्याकाळी सातला भाकऱ्या थापत वाट बघायची, आणि तुम्ही दुसऱ्याच क्वीनच्या मागे!"

भाऊ असे हसले, असे हसले, की गावातली कुत्री भुंकायला लागली. हसणं थांबल्यावर त्यांनी टॉर्च काढला आणि दरीकडे तोंड करून तीनदा लावला-विझवला. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा होता म्हणतात त्या दिवशी बँकरवर. त्याला दिसला का? वहिनी म्हणतात नाही दिसला, एवढ्या लांबून कसा दिसेल. भाऊ म्हणतात दिसला, दुसऱ्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं. त्याच्या बायकोला मी भाजी बाजारात विचारलं, ती म्हणाली, त्याने असा काही फोन केलेलाच नाही. आता कोण खरं? मला वाटतं भाऊंनी थाप मारली. आणि वहिनींना ते माहीत आहे. आणि भाऊंना माहीत आहे की वहिनींना माहीत आहे. असो बाई.

मी म्हटलं, "अहो, पण काजवे? काजव्यांचं सांगा ना!" एवढी पुण्या-मुंबईची दुनिया काजव्यांसाठी तिथे लोटते. तर वहिनी म्हणाल्या, "होते की. खूप होते. हिरड्याचं एक झाड तर पूर्ण भरलेलं, सगळे एकदम लागायचे, एकदम विझायचे." झालं. एवढंच. आणि लगेच परत, "पण डबे मोजले मी, बोगद्यातून निघताना..." मी कपाळावर हात मारून घेतला. गुरुजींनीच मग मला काजव्यांचं सांगितलं. पावसाच्या तोंडाला थोडे आठवडे असतात, त्यांच्या उजेडाला ऊब नसते, आणि झाडावर चमकतात ते बहुतेक नर, माद्यांना बोलवायला. टॉर्च मारले, गाड्यांचे दिवे पाडले की गोंधळतात बिचारे, जोडीच जमत नाही. म्हणजे बघा, नर चमकून चमकून थकतोय आणि हे लोक मोबाईलचा उजेड पाडून मोडता घालतायत. आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, किड्याला कळतं. हे म्हणाले, "मी दिवा लावतो की रोज देवापुढे."

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन चढले, वरून ढग खाली होते म्हणे, आणि मग पाऊस दाटून आला तशी भाऊंना कोंढाण्याने उतरायचा मोह झाला, अगदी वाटेच्या तोंडापर्यंत गेले. वहिनी तिथे उभ्या राहिल्या आणि फक्त म्हणाल्या, "आई." भाऊ मुकाट्याने वळले. जीपने लोणावळा, आणि रात्री आठला घरी. मी ओट्यावरच होते, म्हणजे तुळशीला दिवा लावायला आले होते. चिखल गुडघ्यापर्यंत, आणि दोघं कशावरून तरी भांडत होती. कशावरून, तर किती डबे होते.

आता घरात काय झालं असेल, ऐका. वन्सं पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मग वहिनी डोंबिवलीला जाऊन, ट्रॅकपँटमध्ये नाही हो, साडीत, त्यांना जेवायला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, पैठणी नेसून या. चार जणी जेवल्या, फोटो काढले, वन्सं खूश. आता त्याच सगळ्यांना सांगत फिरतायत, "मीच म्हटलं वहिनीला, आयुष्यात एकदा जाऊन ये." अहो, मी ऐकलं! माझ्या समोर म्हणाल्या आणि वहिनी शेजारी उभ्या राहून "हो हो" करत होत्या. जावईबापूंनी बूट घेतलेत. वाण्याने काट्याशेजारी पाटी लावलीय, सॅकचं वजन करून मिळणार नाही, कारण रोज कुणी ना कुणी येतंय. आणि मास्तरीणबाईंनी त्यांच्या ह्यांना पादचारी पुलावर नेलं, ते दुसऱ्याच पायरीवर बसले.

एक गोष्ट मात्र राहिली. केटररचे पाच हजार. ते काही परत मिळेनात, पुढच्या कार्यात वळते करून घ्या म्हणे. मुलगा कुरकुरत होता महिनाभर. आणि परवा, ऐका, परवा भाऊ स्वतः फोनवर बोलत होते त्या केटररशी, फाटकाशी उभे राहून, मी आपली इथे कुंपणाची मेंदी छाटत होते. म्हणाले, "नाही नाही, परत नकोत. दिवाळीच्या आसपासची तारीख धरून ठेवा. पन्नास-साठ पानं. बायकाच जास्त असतील." आता दिवाळीच्या आसपास त्या घरात पन्नास-साठ पानांचं, बायकांचंच जास्त, असं काय कार्य असणार? आणि सूनबाई हल्ली सकाळची फास्ट सोडून उशिराच्या लोकलने जातात, बसायला जागा मिळते म्हणून. मी काही म्हटलं नाही हं. तुमची तुम्ही बोटं मोजा.